‘मशीन चालू होत नाही’ म्हणजे नेमके काय?

गेल्या जुलैमध्ये बेळगावात पावसाची झड लागली होती. शहापुरातील आमच्या घराच्या मागच्या पडवीत दोन दिवसांचे कपडे बादल्यांत भिजत पडले होते आणि काचेच्या दाराचे आमचे फ्रंट लोड वॉशिंग मशीन चालायचे नाव घेत नव्हते. दुरुस्ती केंद्राला फोन केला. पलीकडचा माणूस कन्नड बोलत होता, म्हणून मीही ‘मशीन चालू आगवल्दु’ असे सांगितले. ‘चालू’ हा शब्द इथल्या दोन्ही भाषांत एकच आहे आणि दोन्ही भाषांत तो सारखाच मोघम आहे. लाईट लागते का, एवढेच त्याने विचारले. मी ‘लागते’ म्हटल्यावर, आतील इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला असेल, नवा घालावा लागेल आणि माणूस चार-पाच दिवसांनी येईल, असे उत्तर मिळाले.

बोर्ड गेलेला नव्हता. बिघाड मशीनमध्ये नव्हताच, तो भिंतीत होता. तो सापडेपर्यंत जे शिकले, ते सविस्तर लिहून ठेवावे असे मनापासून वाटते, कारण पावसाळ्यात आमच्या गल्लीतील प्रत्येक घरात कधी ना कधी हा प्रसंग येतो आणि पुष्कळदा विनाकारण हजारो रुपये खर्च होतात.

‘चालू होत नाही’ या तक्रारीचे तीन निरनिराळे अर्थ असतात. बटण दाबल्यावर एकही दिवा लागत नाही, हा पहिला. दिवे लागतात, पण स्टार्ट दाबल्यावर मशीन जागचे हलत नाही, हा दुसरा. मशीन सुरू होते आणि क्षणात पुन्हा मृतवत होते, हा तिसरा. फोनवर यांपैकी कोणता ते सांगितले नाही, तर समोरचा माणूस अंदाजच करणार.

आमचा बिघाड तिसऱ्या प्रकारचा होता. दिवे लागत, दाराचे कुलूप ‘टक्’ असे वाजे आणि ड्रम फिरू लागताच सगळे दिवे विझत. शेजारच्या आक्कांनी टेस्टर आणला. तो सॉकेटमध्ये घालताच पेटला, तेव्हा ‘करंट येतोय की!’ असे त्या म्हणाल्या. मोबाईलचा चार्जर लावला, तोही चालला. त्यामुळे सॉकेट ठीक आहे अशी आमची खात्री झाली, आणि तीच चूक होती.

टेस्टर पेटतो म्हणजे वीज आणणाऱ्या फेजच्या तारेत वीज आहे, एवढेच कळते. परत जाणारी न्यूट्रलची तार तुटली किंवा सैल झाली असली, तरी फेजवर टेस्टर तसाच पेटतो. चार्जरही फसवतो. बहुतेक चार्जर 100 ते 240 व्होल्टवर चालण्यासाठीच बनवलेले असतात आणि ते वीज अगदी थोडी ओढतात, त्यामुळे व्होल्टेज शंभरापर्यंत उतरले तरी त्यांना फारसा फरक पडत नाही. एलईडी दिव्याचेही बहुधा तसेच. सैल किंवा जळक्या जोडाचा दोष वीज जास्त ओढली गेल्यावरच उघड होतो, कारण तेव्हा त्या जोडावरच व्होल्टेज खर्ची पडते आणि मशीनपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. मशीनच्या पुढच्या दिव्यांना जेमतेम काही वॅट लागतात, पण मोटर फिरू लागली की मागणी एकदम वाढते, व्होल्टेज कोसळते आणि बोर्ड बंद पडतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र बोर्डच गेल्यासारखा वाटतो.

हे आमच्या ओळखीच्या वायरमनने समजावून सांगितले. त्याने घरातील इस्त्री मागितली. साधी इस्त्री 1000 वॅटची, म्हणजे 230 व्होल्टवर चार अँपिअरहून थोडी अधिक वीज ओढणारी, त्यामुळे सॉकेटची खरी परीक्षा तिनेच होते. इस्त्री लावताच तिचा तांबडा दिवा मिणमिणू लागला आणि सॉकेटमधून बारीक चरचर ऐकू आली. त्याने लगेच बटण बंद केले. ही परीक्षा कोणीही करावी, परंतु ती काही सेकंदांचीच असावी, आणि चरचर, ठिणगी किंवा जळका वास जाणवताच हात आवरावा.

मेन स्विच बंद करून सॉकेट उघडला, तेव्हा न्यूट्रलचा स्क्रू सैल झालेला आणि भोवतीचे प्लास्टिक काळे पडलेले दिसले. पावसाळ्यात आम्ही कपडे गरम पाण्याच्या प्रोग्रामवर धुतो. पाणी तापवणारा हीटर साधारण 2000 वॅटचा असतो, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. सैल जोडातून इतकी वीज वाहिली की जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो आणि सैल झाला की आणखी तापतो. म्हणूनच मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये बसवणारा कन्व्हर्जन प्लग वॉशिंग मशीनला कधीही लावू नये, असे माझे ठाम मत आहे. छोटा सॉकेट 6 अँपिअरचा असतो. मशीनला 16 अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि चांगले अर्थिंग हवेच. शहापूर-वडगावच्या जुन्या कौलारू घरांत वायरिंगही जुनेच असते, तेथे हे आधी पाहून घ्यावे.

पहिल्या प्रकारात, म्हणजे एकही दिवा लागत नसेल तेव्हा, एमसीबी (भार जास्त झाल्यावर आपोआप बंद होणारा स्विच) पडला आहे का ते पाहून हीच इस्त्रीची परीक्षा करावी. सॉकेट उत्तम निघाला, तर मशीनची पिन काढून दहा मिनिटे तशीच ठेवावी आणि पुन्हा लावावी. व्होल्टेज वरखाली झाल्यामुळे अडकलेला बोर्ड कधी कधी एवढ्याने पूर्ववत होतो. तरीही दिवा लागला नाही, तर मशीनच्या आतील तारांकडे वळावे लागते. खालून उघड्या असलेल्या मशीनमध्ये पावसाळ्यात उंदीर शिरतात आणि तारा कुरतडतात. खानापूरला माझ्या माहेरी नेमके असेच झाले होते. वहिनीने तारा बदलून घेतल्या, तळाला जाळी बसवली, आणि त्यानंतर पुन्हा तो त्रास झाला नाही.

दुसऱ्या प्रकारात बहुधा मशीन बिघडलेले नसते, ते कशाची तरी वाट पाहत असते. चाइल्ड लॉक नकळत लागलेला असतो, उशिरा सुरू होण्याची वेळ लावली गेलेली असते, किंवा दार नीट बसलेले नसते. फ्रंट लोडच्या दाराचे कुलूप पक्के लागल्याची खूण बोर्डाला मिळाल्याशिवाय मोटरला वीज दिलीच जात नाही. रबरी कडेत परकराची नाडी किंवा लहान मुलाचा मोजा अडकला, तरी दार केसभर उघडे राहते आणि ‘टक्’ हा आवाज येत नाही. म्हणून स्टार्ट दाबल्यावर कान देऊन ऐकावे. दोन टबांच्या मशीनमध्ये पिळणीचा टब फिरत नसेल, तर त्याच्या झाकणाखालचा स्विच आधी पाहावा.

पाण्याकडेही लक्ष द्यावे. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे मशीन गच्चीवरील टाकीवर चालते. टाकीची पातळी मशीनपेक्षा तीन मीटर उंच असली, तर दाब फक्त 0.3 बारच्या आसपास मिळतो, आणि त्यात नळीच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत पावसाळ्याचा गाळ साचला की पाणी ठिबकत राहते. मशीन गप्प उभे असल्यासारखे दिसते, प्रत्यक्षात ते पाणी भरण्याची वाट पाहत असते. नळ बंद करून नळी काढावी, जाळी पकडीने अलगद ओढून जुन्या टूथब्रशने घासावी.

एका गोष्टीत मात्र घरच्या घरी प्रयत्न करू नयेत. मशीन सुरू करताच, किंवा पाणी तापू लागताच, घराचा ईएलसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर वीज कोठेतरी गळते आहे. पुष्कळदा ती हीटरमधून मशीनच्या पत्र्यात उतरत असते. अशा वेळी तो पुन्हा पुन्हा वर करून पाहू नये, ओल्या पायांनी मशीनला स्पर्श करू नये, मेन बंद करूनच पिन काढावी आणि जाणकार माणूस येईपर्यंत कपडे हातानेच धुवावेत.