कोटीभर रुपये आणि सोयाबीन

अपहरणाच्या सिनेमात मला कधीच न पटलेली गोष्ट म्हणजे पैशांची बॅग. फोन वाजतो, पलीकडचा घोगऱ्या आवाजात "उद्या सकाळपर्यंत एक कोटी" म्हणतो, पोराची आई हंबरडा फोडते आणि पुढच्या दृश्यात बॅग तयार! मधली रात्र दिग्दर्शकानं गिळलेली असते. आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औशाकडच्या घरात मंडळी नेमकी त्या रात्रीपाशी अडून बसतात. "बँक कव्हा उघडली म्हणं?" हा मामीचा ठरलेला प्रश्न. सातबारा, आठ-अ, बेबाकीचा (जुनं देणं नसल्याचा) दाखला असं सगळं पिशवीत घेऊन पीककर्जासाठी खेटे घातलेल्या माणसांना एका रात्रीत उभे राहणारे कोटभर रुपये काही केल्या पचत नाहीत.

मामा तर हिशेबाचाच माणूस. एक कोटी म्हणजे पाचशेच्या वीस हजार नोटा, शंभर-शंभरची दोनशे बंडलं. वजन वीस किलोच्या वर, सोयाबीनच्या बियाण्याच्या बॅगेला जवळजवळ लागून. नायक ती एका हातात धरून भिंतीवरून उडी मारतो तेव्हा मामाला हसू आवरत नाही. मग त्याचा दुसरा हिशेब सुरू होतो. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. म्हणजे कोटभर रुपयांना 1,877 क्विंटल सोयाबीन. एकरी आठचा उतारा धरला तर 230 एकरांच्या वर. "अन् आडतीवर हमीभाव देतंय कोण?" हे सगळ्यात शेवटी, सिनेमातल्या बापाकडे बोट करून.

शिवाय दोन लाख आणि त्यावरची रक्कम एकदम रोखीनं घेणं 2017 पासून आयकर कायद्यात बसत नाही. पण फाशी-जन्मठेपेच्या कलमाला न घाबरलेला माणूस आयकराला काय भिणार!

म्हणूनच अकिरा कुरोसावाचा 1963 चा 'हाय अँड लो' मी मुद्दाम त्यांना दाखवला. जपानी भाषा, काळा-पांढरा सिनेमा, खालची इंग्रजी अक्षरं मी मराठीत सांगत बसलेलो. मला वाटलं होतं, अर्ध्या तासात मामा गोठ्याकडे जाईल. तो हलला नाही, कारण इथं पैशाचा प्रश्न दिग्दर्शकानं गिळलेला नाही. पहिला जवळजवळ तासभर त्याच प्रश्नाचा आहे, तोही बहुतेक एकाच दिवाणखान्यात. गोंदो हा बुटांच्या कंपनीतला मोठा अधिकारी. कंपनी ताब्यात घ्यायची म्हणून त्यानं घरदार गहाण टाकून पैसा उभा केलाय. त्याच रात्री फोन येतो: तीन कोटी येन. पण पोरांनी खेळताना कपडे बदललेले असतात, त्यामुळे पळवून नेलेला मुलगा गोंदोचा नसतो, ड्रायव्हरचा असतो. तरीही खंडणी गोंदोनंच द्यायची!

बॅगेचंही तिथं चोख काम आहे. धावत्या आगगाडीच्या संडासाची खिडकी सात सेंटीमीटरच उघडते, म्हणून बॅग त्याहून जाड नको. मामानं बोटांनी सात सेंटीमीटर मोजून पाहिले आणि मान डोलावली. पुढं पोलीस फोनमागून ऐकू आलेल्या ट्रामसारख्या गाडीच्या आवाजावरून जागेचा माग काढतात, तिथं मात्र मला आपल्याकडच्या पोलिसांची दया आली. लातुरात फोनमागून काय ऐकू येणार? वरातीचा डीजे, एसटी स्टँडवरची घोषणा, भंगारवाल्याचा भोंगा. तालुक्यातलं कुठलंही गाव निघेल. आणि खंडणी द्यायला कुणी गंजगोलाईच्या बाजारात बोलावलं तर? सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं. साध्या वेशातले पोलीस किती रस्त्यांवर उभे करणार, आणि त्यांच्या गाड्या लावायला जागा कुठाय?

शेवटाकडे गोंदोच्या घरातल्या सामानाच्या याद्या होऊ लागल्या. मी अक्षरं वाचायच्या आत मामी म्हणाली, "जप्ती आली." ते दृश्य कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. गावच्या गाव त्याला चांगला म्हणतंय आणि ज्यांचं कर्ज घेतलंय ते एक दिवस थांबत नाहीत, यातही कुणाला नवल वाटलं नाही.

सिनेमा संपल्यावर मी खोडी काढली. "मामा, आपल्या सालगड्याचं लेकरू नेलं अन् तुला कोट मागितला तर?"

"त्याची पाडव्याची उचलच फिटली नाही अजून," मामा म्हणाला.

मामी अशी काही भडकली की विचारू नका. "लेकराचं चाललंय अन् ह्यांना उचल सुचतीय! त्याच्या आईला उद्या तोंड कसं दाखवणार?"

"मी नाही म्हणलो का?" मामा सावरून बसला. "पण पहिल्या फोनला सांगितलेला भाव शेवटचा असतोय का कधी? पन्नासवर आणू. मग वड्याकडचे दोन एकर काढू. म्हशी हायत. ट्रॅक्टर धरायचा नाही, त्याच्यावर बँकेचा बोजा हाय."

"माझ्या पाटल्या धरा की."

"पाटल्या तारण हायत. पेरणीला ठिवल्या नव्हत्या का?"