तारखांची चिठ्ठी

गेली तीस-पस्तीस वर्षे मी पुण्यात मुद्रितशोधनाचे काम करतो. लेखकाच्या प्रतिपादनात आपण पडू नये, हा आमच्या व्यवसायातला पहिला नियम आणि तो मी बहुतेक वेळा पाळतो. २०१३ मधल्या एका संध्याकाळी मात्र तो मोडावा लागला.

यशवंतराव चव्हाणांच्या जन्मशताब्दीनिमित्त एक चरित्र निघत होते. प्रकाशन १२ मार्चला, त्यांच्या जन्मदिनी व्हायचे होते आणि तीन फॉर्म, म्हणजे एकदम छापल्या जाणाऱ्या पानांचे तीन संच, अजून मशीनवर चढायचे होते. लेखक निवृत्त प्राध्यापक. त्यांना सगळे सरच म्हणत. चरित्र तपासताना तारखांची एक चिठ्ठी करून ठेवण्याची माझी जुनी सवय आहे. १९४६ मध्ये मुंबई सरकारात संसदीय सचिव, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठी-गुजराती द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, इथपर्यंत चिठ्ठी आणि मजकूर बरोबर जुळत आले होते.

अडखळलो ते दिल्लीच्या प्रकरणात. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे प्रकरणाचे नाव, आणि खाली असा मजकूर की, १९६२ च्या चीन युद्धात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या राजीनाम्यानंतर यशवंतरावांनी ऐन रणधुमाळीत संरक्षणखाते हाती घेतले आणि त्यांच्या खंबीरपणामुळे चीनला पाऊल मागे घ्यावे लागले. माझ्या चिठ्ठीवर शपथविधीची तारीख २१ नोव्हेंबर १९६२ होती. चीनने एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केल्याची तारीखही तीच होती, आणि ती सरांच्याच परिशिष्टातून मी उतरवून घेतली होती.

सर छापखान्यात आले तेव्हा मी दोन्ही पाने त्यांच्यापुढे ठेवली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अहो, हे वाक्य सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. ते खोटे म्हणायचे का?”

मी म्हणालो, “सर, ते धावले हे खरेच आहे, पण पोचले तेव्हा लढाई थांबलेली होती. आपल्या राज्याचे मुख्यमंत्रिपद सोडून, हरलेल्या सैन्याचे खाते माणसाने का घ्यावे, हे मला जास्त वाचावेसे वाटते.” तेव्हा यशवंतराव खासदारसुद्धा नव्हते, नाशिकहून लोकसभेवर ते बिनविरोध गेले ते त्यानंतर. राज्यातला पाया सोडायचा आणि दिल्लीत पाया असा अजून नाही, ही अवस्था त्या रणधुमाळीच्या वाक्याखाली पार झाकली गेली होती.

सरांनी खुर्ची ओढली आणि नवा मजकूर सांगायला सुरुवात केली, तो मात्र पाहण्यासारखा उतरला. पराभवाची लष्करी चौकशी, सैन्यबळ सव्वाआठ लाखांपर्यंत नेण्याची आणि डोंगरी युद्धासाठी दहा डिव्हिजन उभ्या करण्याची योजना, आणि १ सप्टेंबर १९६५ ला जम्मूतल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे शिरल्यावर हवाई दल वापरण्यास यशवंतरावांनी दिलेली परवानगी. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र ही खाती आणि १९७९ चे अल्पकाळचे उपपंतप्रधानपद, हे सगळे पुढच्या प्रकरणात होतेच.

मजकूर अकरा ओळींनी वाढला. पुढची पाने सरकवायला वेळ नव्हता, म्हणून त्याच फॉर्ममधून अकरा ओळी काढणे भाग होते. सर सहज म्हणाले, “पानशेतचा परिच्छेद काढू या.” त्यावर माझा आवाज चढला असावा, कारण ऑपरेटरने मागे वळून पाहिले. १२ जुलै १९६१ ला धरण फुटले तेव्हा मुख्यमंत्री यशवंतरावच होते, आणि आमच्या नारायण पेठेतल्या घरी त्यांचे नाव पुराच्या आठवणीला जोडूनच निघत असे. पुण्यात छापलेल्या यशवंतरावांच्या चरित्रात पानशेत नाही, हे मी माझ्या आईला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

शेवटी सरांनी स्वतःच एक परिच्छेद उडवला. त्यात यशवंतरावांच्या दिल्लीप्रयाणाची तुलना बाजीरावाच्या उत्तरेतल्या स्वाऱ्यांशी केली होती. त्यांचा तो अतिशय आवडता होता. रेघ मारताना त्यांनी तो एकदा मोठ्याने वाचून घेतला. तो बरोबर अकरा ओळींचा निघाला.

रात्री साडेनऊला फॉर्म मशीनवर चढला. प्रकरणाचे नाव सरांनी बदलले नाही, आणि मीही तिथे खूण केली नाही.