तुम्ही विचारलंत म्हणून: सासूबाई शेत का विकत नाहीत

"तुमच्या सासूबाई शिक्षिका होत्या ना? पेन्शन आहे मग या वयात शेत कशाला हवंय, विका आणि ठाण्याला टू बीएचके घ्या." हे मला ट्रेनच्या ग्रुपने विचारलंय, सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलंय, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी वाण हातात घेता घेता विचारलंय. विचारणं कमी, सांगणंच जास्त असतं खरं तर. मी आपली "हो ना, बघू" म्हणून सटकते, कारण कुर्ला ते सीएसएमटीमध्ये हे उत्तर मावत नाही. आज रविवार आहे, मेगाब्लॉक आहे, कुठे जायचं नाहीये, तर लिहूनच टाकते.

सासर मंगळवेढ्याचं, सोलापूर जिल्हा. मंगळवेढा म्हटलं की लोकांना दामाजीपंत आठवतात, दुष्काळात बादशहाची कोठारं उघडणारे. दुसरं म्हणजे ज्वारी. काळी जमीन, खोल, पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर पुढे थंडीत मालदांडी ज्वारी येते, पाणी द्यावं लागत नाही. ऐकायला छान वाटतं पण परतीचा पाऊस दगा देऊन गेला की सगळंच गेलं. हे पीक फेब्रुवारीच्या सुमारास हाताने उपटून काढतात, ऊन चढायच्या आत, आणि नवीन माणसाच्या तळहाताला अर्ध्या तासात फोड येतात. मी लग्नानंतर पहिल्यांदा हौसेने उतरले होते, जाऊ दे.

आई (मी सासूबाईंना आईच म्हणते, गाव बाई म्हणतं) डी.एड. करून १९७१ ला जिल्हा परिषदेच्या शाळेत लागल्या. पाठोपाठ ७२ चा दुष्काळ. लोक खडी फोडायला जायचे, कामावर सुकडी मिळायची, रेशनला ती लाल मिलो ज्वारी. ज्या गावाने स्वतःची मालदांडी खाल्लेली त्यांना ती मिलो घशाखाली उतरत नव्हती असं आई अजून सांगतात. याच काळात त्यांचं लग्न झालं आणि सासरच्या एवढ्या मोठ्या खटल्यात महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा फक्त नव्या सुनेचा. तेव्हापासून जे सुरू झालं ते रिटायर होईपर्यंत, म्हणजे बियाणं पगारातून, बैल आजारी पडला तर डॉक्टर पगारातून, गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज थकलं तर तेही पगारातून, आणि विहीर शिक्षक पतसंस्थेचं लोन काढून, ते हप्ते माझा नवरा दहावी होईपर्यंत चालू होते. तर "शेतीतून मिळतं किती?" हा जो पुढचा प्रश्न येतो त्याचं उत्तर असं की हिशोब मांडला तर बऱ्याच वर्षी काहीच नाही, कधीकधी दाण्यापेक्षा कडब्याचे पैसे जास्त झालेत. हे आईंना माहीत नाही असं समजू नका, गणित शिकवायच्या त्या.

आता शाळेचं सांगते, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तुमच्या ओळखीत १ जूनला जन्मलेले किती जण आहेत बघा. आपल्याकडे खेड्यात पोराला शाळेत घालताना आईबापाला तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी ठोकून द्यायचे १ जून, म्हणजे जूनला शाळा सुरू होताना वय बरोबर बसतं. म्हणूनच ३१ मे ला राज्यभर सरकारी माणसांची रिटायर व्हायची झुंबड असते. आईंची स्वतःचीही तारीख १ जूनच. त्यांची आई म्हणायची तू हुरड्याच्या दिवसातली, म्हणजे डिसेंबर-जानेवारी, पण कागदावर १ जून १९५० त्यामुळे ३१ मे २००८ ला बाई घरी, सात-आठ महिने हक्काची नोकरी गेली. याचा राग त्यांना आजही आहे, आणि तो राग त्यांनी कामी लावला.

प्रवेशाच्या दिवसात त्या पोराच्या आईला व्हरांड्यात बसवायच्या, चहा द्यायच्या आणि तारीख विचारायच्याच नाहीत. विचारायच्या की पोटात होतं तेव्हा रानात काय चाललं होतं? बाई म्हणायची करडई काढताना काटे टोचायचे तेव्हा आठवा लागला होता. किंवा, पोळ्याला बैल रंगवून झाले आणि कळा सुरू झाल्या. किंवा पेरा झाला होता, तिफण अजून दारातच उभी होती. मग कुठलं वर्ष ते ठरवायचं, कुणाचं लग्न झालं होतं, विहिरीला पाणी कधी लागलं, आणि घरी रचून ठेवलेली जुनी कॅलेंडरं काढून तिथी लावायची. एका पोरामागे कधीकधी अख्खी दुपार. हेडमास्तर चिडायचे, बाई किती वेळ! पण हे जमायचं का, तर त्या स्वतः त्याच रानातल्या होत्या. करडई कधी काढतात हे माहीत नसलेल्या मास्तरला त्या बाईचं बोलणं नुसतं ऐकून काय उपयोग.

दुसरं, काढणीच्या दिवसात पोरी गायब. आया मजुरीला, लहान भावंडं सांभाळायला थोरली पोर घरी. ९५ नंतर शाळेतून महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायला लागला पण त्याला ऐंशी टक्के हजेरीची अट, आणि मोठ्या पोरीची हजेरी नेमकी याच दिवसात तुटायची. आईंनी सरळ सांगितलं, भावंडाला घेऊन ये. शाळेच्या लिंबाला लुगड्याच्या झोळ्या बांधलेल्या असायच्या, वर्गात पाढे आणि मधूनच कुणीतरी पोर उठून झोका देऊन यायची. तपासणीला साहेब आले की झोळ्या काढायच्या, गेले की परत बांधायच्या. नियमात बसणारं नव्हतंच ते. पण त्या पोरी चौथी झाल्या, काही पुढे बारावीसुद्धा.

आणि आता खरी गोष्ट. आई सकाळी साडेनऊला शाळेत जायच्या, संध्याकाळी सहाला यायच्या. वर जनगणना, निवडणूक, पोलिओचे रविवार. मग घर, गुरं, रान कोण बघत होतं? काकी. म्हणजे आईंची जाऊ, आमच्या धाकट्या सासूबाई. शाळेचं तोंड पाहिलं नाही, अजून अंगठा देते. माझ्या नवऱ्याच्या वेळची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा काकीचा मुलगा महिन्या-दीड महिन्याचा होता, तिने दोघांना पाजलं. माझा नवरा काकीच्या दुधावर वाढलाय, ही म्हण नाही, खरंच. गाव बाईंचे सत्कार करतं, शाल-श्रीफळ देतं, शिक्षकदिनाला जुनी पोरं पाया पडायला येतात, आणि काकी आत चहा टाकत असते. मला हे आधी खटकायचं, आईंना माझ्या आधीपासून खटकत होतं.

नव्वदच्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला, घरच्या लक्ष्मीच्या नावावर थोडी तरी जमीन करा म्हणून. आमच्याकडे सासरे तयार झाले, बाईच्या पगारावर विहीर आहे तर बाईचं नाव लागू दे. आई म्हणाल्या माझं एकटीचं लागणार नाही, धाकटीचंही लावा. चुलतसासऱ्यांनी बराच आकांत केला म्हणे, बायको अंगठेबहाद्दर, तिला सातबारा कशाला. आईंनी त्यांना एकच विचारलं, "मला म्हातारपणी सरकार पेन्शन देणार. हिला कोण देणार, तुम्ही?" लागलं नाव.

कळलं ना आता? पेन्शन आईंना आहे, काकीला नाही. जिच्या जिवावर आईंची सर्व्हिस झाली तिची पेन्शन ते रान आहे. आई आजही पेन्शन काढली की त्यातलं खत-बियाण्याला काढून ठेवतात, ज्वारी होवो न होवो, आणि वर्षाकाठी जे काही येतं ते काकीच्या खात्यावर जातं. आपल्या फ्लॅटच्या भाषेत हा तोट्याचा व्यवहार आहे, असू दे.

मी लालबागची. वडील मिलमध्ये होते. ८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. चाळीतली कितीतरी बिऱ्हाडं गावी गेली, ज्यांचा गावी तुकडा होता त्यांचं निदान चुलीचं भागलं. आमच्या आजोबांनी तुकडा आधीच विकला होता, खोलीचं डिपॉझिट भरायला. त्यामुळे "विकून टाका" हे मला कुणी सांगू नये, एवढंच.

तरी विचारणारे थांबत नाहीत, तिकडेही. रत्नागिरी-नागपूर हायवे झाल्यापासून एजंट फेऱ्या मारतात. मागच्या हुरड्याला मी तिकडे असताना एक आला, पांढरी गाडी, गळ्यात चेन, आणि आईंना बघितल्यावर पायच धरले, विद्यार्थी निघाला! बाई रेट चांगला देतो, रोखीत देतो, तुम्ही मुंबईला जाऊन आराम करा, सगळं बोलून झालं त्याचं. आई नुसत्या हसत होत्या, म्हणाल्या अर्धी मालकीण ती बसलीय, तिला विचार. काकी आगटीपाशी कणसं चोळत होती. तिने वर पण बघितलं नाही. "आक्का इकत न्हाई आन मीबी इकत न्हाई. हुरडा खा, चटणी तिखट हाय, दही घे."