आश्वासन आणि बंद पडलेली डिस्क

युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतींचा गेम २०१४ साली आला, आणि न्यूयॉर्कपासून लॉस एंजेलिसपर्यंत अख्खी अमेरिका त्यात गाडीने पालथी घालता येत असे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले. एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागत असल्यामुळे पैसे मोजून घेतलेली डिस्क कपाटातल्या कपाटात निकामी झाली. खेळाडूंच्या संतापानंतर पुढच्या दोन भागांना ऑफलाइन सोय देण्याचे आश्वासन मिळाले, आणि ‘द क्रू २’पुरते ते २०२५ मध्ये पाळले गेले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तरीही निव्वळ घोषणेवर माझा विश्वास बसत नाही. इंटरनेट तोडूनही गेम सुरू होतो, हे कोणी प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय मी तो विकत घेत नाही.