वाघ मेला ते नको हुतं

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी, शाळाशाळांतून वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. २०१५ पासूनची ही रीत. व्हरांड्यात सुतळी बांधायची आणि मुलांचे अभिप्राय कपड्यांच्या चिमट्यांनी तिच्यावर टांगायचे. सांगलीत जा, मिरजेत जा, नाहीतर पार साताऱ्याला. सुतळीवरचा मजकूर तोच. ‘मला हे पुस्तक खूप आवडले. यातून आपल्याला खरे बोलावे असा बोध मिळतो. सर्वांनी हे पुस्तक जरूर वाचावे.’ तीस कागद, तीस हस्ताक्षरं आणि मत एकाचंही नाही. त्यातली सात-आठ हस्ताक्षरं तर सरळ आईची.

मुलांना मतच नसतं म्हणून हे होतं का? अजिबात नाही. हीच मुलं मधल्या सुट्टीत कपाटापाशी काय बोलतात ते कान देऊन ऐकावं. “ते नको घेऊस, नुसता उपदेश हाय.” “चौऱ्याऐंशी पानं हायत, पण पटापटा होत्यात.” “भूत शेवटाला खोटं निघतंय, फसवतंय पुस्तक.” पाच-सहा शब्दांत निकाल, आणि तोही वरच्या कोर्टात टिकेल असा. घंटा झाली, वही उघडली, की तेच पोर ‘खूप आवडले’ लिहून मोकळं होतं. कारण लहानपणापासून त्याला गोष्टीबद्दल एकच प्रश्न विचारला गेलाय: तात्पर्य काय? गोष्ट म्हणजे उसाचं कांडं. रस काढून घ्यायचा आणि चिपाड फेकायचं. चघळायची मजा कुणी विचारतच नाही.

म्हणून मुलांचं मत पाहायचं तर वही बाजूला ठेवून आधी पुस्तकाकडे पाहावं. मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलेली तारखांची पट्टी हा पहिला पुरावा. एखाद्या पट्टीवर आठ-आठ दिवसांनी शिक्के पडलेले दिसतात, जागा संपून वर दुसरी पट्टी डकवलेली असते. शेजारच्या जाडजूड, सोनेरी अक्षरांच्या संस्कारकथांच्या पट्टीवर एकच शिक्का, बहुधा तपासणीच्या आदल्या दिवशीचा. दुसरा पुरावा डागांचा. भडंगाचा तेलकट अंगठा, पेरूची बी, आणि माघ-फाल्गुनात, हळद शिजवायच्या दिवसांत, पानाच्या खालच्या कोपऱ्यावर पिवळं बोट. हे पिवळं बोट बाराव्या पानापर्यंत येतं आणि तिथून पुढे पुस्तक कोरं करकरीत राहतं, तेव्हा मुलाला वेगळं काही विचारायची गरज नसते. बाराव्या पानावर काय आहे ते आपण वाचावं. बहुतेक वेळा तिथे आजोबा गोष्ट थांबवून पर्यावरणावर बोलू लागलेले असतात.

पण डागांवर सगळी भिस्त ठेवूनही चालत नाही. एकाच पुस्तकाबद्दल लागोपाठ तीन मुलं “गोष्ट कळली नाही” म्हणाली, तर लेखकाला दोष देण्याआधी पुस्तक उघडून मधली पानं मोजावीत. लहान मुलांची सोळा पानी पुस्तकं बहुतेक मध्यावर दोन पिना मारून बांधलेली असतात. कागदाचे चार ताव एकात एक घातलेले. सगळ्यात आतल्या तावावर सात, आठ, नऊ, दहा ही पानं. पुस्तक सपाट उघडून जमिनीवर दाबायची मुलांची सवय असते, तिने सगळा ताण याच तावावर येतो. पिनेच्या जागी भोक मोठं होतं आणि एक दिवस ताव अलगद निसटतो. सशाची आणि कोल्ह्याची गाठ पडते सातव्या पानावर, आणि मूल सहावरून उडी मारतं थेट अकरावर. मूल बिचारं म्हणतं, मला कळलं नाही. कसं कळणार?

यावर उपाय पाच मिनिटांचा आहे. पिना काढून टाकायच्या. गंजल्या असतील तर आधीच काढाव्यात, पावसाळ्यात त्यांचा तांबडा डाग तीन-चार पानं खातो. दाभणाने घडीवर तीन भोकं पाडायची, एक मध्ये आणि दोन टोकांपासून तीन-तीन बोटं आत. जाड दोऱ्यावर मेण ओढून घ्यायचं. आतल्या बाजूने मधल्या भोकातून सुई बाहेर, वरच्या भोकातून आत, मधलं भोक सोडून थेट खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. मध्ये जो लांब टाका पडलेला असतो, त्याच्या दोन बाजूंना दोन टोकं घेऊन गाठ मारायची. ती बाजू चुकली की गाठ सरकते. सहावी-सातवीची मुलं हे काम मोठ्यांपेक्षा नीट करतात, आणि आपण शिवलेल्या पुस्तकाबद्दल त्यांचं मतही जरा मायेचं असतं. एवढा पक्षपात चालायचा.

आता बोलतं कसं करायचं? शनिवारची सकाळची शाळा सुटायच्या आधीची चाळीस मिनिटं या कामाला चांगली. दहा-बारा मुलं, गोल बसलेली. पंधराच्या वर गेली की शेवटच्या चार जणांची पाळी येत नाही आणि ती चौघं पुढच्या शनिवारी येत नाहीत. प्रत्येकाने वेगळं पुस्तक वाचलेलं असेल, तर एक बोलतं आणि बाकीचे पंख्याकडे बघतात. त्यासाठी सुरुवातीला एक छोटी गोष्ट सगळ्यांना मिळून मोठ्याने वाचून दाखवावी, आठ-दहा मिनिटांत संपणारी. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, त्याच्या जुन्या अंकांत अशा गोष्टींची ददात नाही. गोष्ट संपली की लगेच तोंडं उघडू द्यायची नाहीत. दोन मिनिटं गप्प बसून प्रत्येकाने चिठ्ठीवर एक ओळ लिहायची. ही दोन मिनिटं वाचवली की पुढची अर्धी तासिका वाया गेलीच म्हणून समजा. कारण पहिलं बोलतं ते वर्गाचं मॉनिटर, आणि त्याच्यानंतर अकरा जणांना “मला पण तसंच वाटलं.” चिठ्ठीवर लिहिलेलं असलं की फिरवता येत नाही. मॉनिटरला शेवटी बोलवावं. त्याचं काही बिघडत नाही.

प्रश्न कुठले विचारायचे, यावर तर भांडणं होऊ शकतात. ‘का आवडलं?’ हा सगळ्यात नैसर्गिक वाटणारा प्रश्न, आणि सगळ्यात निकामी. ‘का’ म्हटलं की मुलाला पाच गुणांचा प्रश्न दिसतो, ‘सकारण स्पष्ट करा’. मुलांशी पुस्तकांबद्दल कसं बोलावं याचा आयुष्यभर विचार केलेले इंग्लंडमधले एडन चेंबर्स हेच सांगत: ‘का’ टाळा, त्याऐवजी ‘सांग बघू’ म्हणा. काय आवडलं, काय आवडलं नाही, काय कोड्यात पाडून गेलं, आणि काय काय पुन्हा पुन्हा येतंय, या चार वाटांनी त्यांची चर्चा फिरते. आपल्याकडे याहूनही खाली, जमिनीवर उतरावं. कुठल्या पानावर थांबलास? कुठलं पान दोनदा वाचलंस? हे पुस्तक तू कुणाला देणार नाहीस? हा शेवटचा प्रश्न तर हुकमी. “माझ्या बहिणीला नाही देणार, ती कुत्र्याला भिती आणि यात कुत्रा हरवतो,” असं उत्तर येतं. यात पुस्तकाची गोष्ट आली, वाचकाची ओळख आली, समीक्षा झाली. ‘एक पान फाडायचं झालं तर कुठलं?’ हाही प्रश्न चांगला आहे, पण दुसरीच्या वर्गात विचारू नये. ती मुलं फाडून दाखवतात.

पाचपैकी किती तारे, हा प्रकार मात्र सोडून द्यावा. आपल्याकडे गुण म्हणजे पैकीच्या पैकी. चार तारे दिले तर पुस्तकाला वाईट वाटेल अशी मुलांची कल्पना असते. तीन पुस्तकं समोर मांडून ‘यातलं सगळ्यात आधी कुठलं परत करशील?’ असं विचारलं की पठ्ठा क्षणात एक उचलतो. तुलना जमते, मोजणी जमत नाही.

बक्षीस ठेवलं की सगळंच मुसळ केरात. उत्कृष्ट अभिप्रायाला कंपासपेटी जाहीर झाली की मुलं मलपृष्ठावरचा मजकूर उतरवू लागतात. ओळखायची खूण सोपी: चौथीच्या मुलाच्या कागदावर ‘बालमनाचा हळुवार वेध’ असे शब्द दिसले, की पुस्तक उलटं करून बघावं.

सांगलीकडच्या मुलांच्या मतांना आणखी एक अंग आहे, आणि ते शहरी प्रकाशकांनी फार मनावर घ्यायला हवं. चित्रात उसाला फांद्या दाखवल्या, तर इथलं पोर पुस्तक तिथेच मिटतं. “हेला ऊस म्हाईत नाही,” एवढंच म्हणतं, आणि त्या चित्रकाराची पुढची सगळी चित्रं त्याच्यापुरती खोटी ठरतात. शेतातून हळद काढली, कुटली आणि डब्यात भरली असं लिहिलेलं असलं तर विचारतं, शिजवली कधी? वाळवली कधी? पॉलिश कुठे केली? पुराच्या गोष्टीचं तर विचारूच नका. ‘नदीला मोठा पूर आला’ हे वाक्य कृष्णाकाठी कुणाला पुरत नाही. इथे पूर फुटांत बोलतात. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आणि घरोघरच्या भिंतींवर ती रेघ होती. त्या भिंतीला टेकून वाचणारी मुलगी विचारते, “गोष्टीत पाणी किती फूट हुतं? गुरं कुठं नेली?” हा खवचटपणा नव्हे. लेखकाने गुरांचं काय केलं, हे तिला खरोखर जाणून घ्यायचंय.

तिचं बोलणं लिहून घेताना ‘हुतं’चं ‘होतं’ करू नये. सगळ्यात जास्त मतं इथेच मरतात, मोठ्यांच्या लेखणीखाली. मूल सांगतं, “वाघ मेला ते नको हुतं.” फळ्यावर उतरतं, ‘वाघाच्या मृत्यूचा प्रसंग हृदयस्पर्शी आहे.’ वाचायला बरं वाटतं, पण अर्थ उलटा झाला. मुलाची तक्रार होती, आपण तिचं प्रशस्तिपत्र केलं. शुद्धलेखनाचा तास वेगळा असतो, तो तिथे घ्यावा.

वयाप्रमाणे मताची जात बदलते. पहिली-दुसरीची मुलं मत देत नाहीत, अख्खी गोष्ट सांगतात, शेवटासकट. त्यांना अडवू नये; कुठली घटना ती गाळतात आणि कुठे हात वर करून आवाज काढतात, तेच मत. तिसरी-चौथीत जोडाक्षरांची अडचण बोलते: ‘कंटाळवाणं’ याचा अर्थ पुष्कळदा ‘अक्षर बारीक आहे’ एवढाच. एक पान वाचायला द्यावं आणि अडलेल्या शब्दाला एक बोट मिटायला सांगावं. पान संपायच्या आत मूठ झाली तर पुस्तक सहा महिन्यांनी द्यावं. पाचवीपासून ‘शेवट सांगायचा नाही’ हा नियम लावता येतो. तो मुलं इमाने पाळतात. “शेवट सांगत नाही, पण वाघ मरतो.”

महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारला, ४ मे २०१७ पासून जे पुस्तकांचं गाव झालंय तिथे, सहली जातात. घराघरांत पुस्तकं, बालसाहित्याचं दालन निराळं, वाचायला पैसे नाहीत. सहलीच्या दोन तासांत एखादं पोर दहा पुस्तकं उघडतं, नऊ मिटतं आणि एक घेऊन पायरीवर बसतं. मास्तर ओरडतात, ‘एक धड वाच की!’ अहो, ते धड वाचायचं एकच शोधत होतं. नऊ मिटलेली पुस्तकं ही नऊ मतं आहेत. परतताना बसमध्ये अहवाल लिहायला लावला नाही, तर ती वाठारपर्यंत ऐकूही येतात.

मतं टिकवायची तर एक साधी युक्ती आहे. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचं जाड कार्ड, पुढच्या पुठ्ठ्याच्या आत फक्त वरच्या कडेला खळ लावून डकवायचं. पूर्ण चिकटवलं तर भरल्यावर काढता येत नाही, आणि फेविकॉल सढळ हाताने लावला तर पुठ्ठा वाकतो. वाचणाऱ्याने एक ओळ लिहायची, नाव लिहायचं नाही, फक्त इयत्ता. नाव नसलं की खरं उतरतं. पुढच्याने त्याखाली. शिक्षकांनी लाल पेन लांब ठेवायचं. एका कार्डावर दहा ओळी मावतात. वाघाच्या पुस्तकाच्या कार्डावर त्या साधारण अशा जमत जातात. पहिली निळ्या पेनने, इयत्ता तिसरी: ‘वाघ मेला ते नको हुतं.’ खाली पेन्सिलीने, चौथी: ‘खरंय.’ तिसरी जरा मोठ्या माणसासारखी, सहावी: ‘वाघ म्हातारा होता. वाचा नीट.’ आणि त्याच्याखाली, गिचमिड अक्षरात, पुन्हा तिसरी: ‘मी २१ नंबरचं पान भातानं चिकटवून टाकलंय. आता नाही मरत.’

विसावं पान त्याच्यासमोरचं, तेही सोबत गेलं. त्यावर बहुतेक हरिण होतं.