सीट रिकामी असताना वाटेतला माणूस का घ्यायचा नाही?

"ताई, गाडी माझी, डिझेल माझं, सीट रिकामी. फाट्यावर माणूस हात करतोय. घेतला तर बिघडलं कुठं?"

आरटीओच्या बाहेर टेबल टाकून मी मोटरमालकांची कागदपत्रं करते, त्याला वीस वर्षं झाली. पासिंग, टॅक्स, परमिट, गाडी नावावर करणं, बँकेचा बोजा उतरवणं. एवढ्या काळात सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. गेल्या महिन्यात तो विचारला पंचविशीतल्या एका मुलाने. नवी सतरा सीटर, सीटांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. सोबत आई होती, कारण कर्जाला तारण म्हणून तिच्या नावावरची जमीन लागली होती. मुलगा ऑल इंडिया परमिटचा कागद माझ्यासमोर धरून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "अहो, ऑल इंडिया आहे ना, ताई!" मागे माणसं खोळंबली होती म्हणून त्याला दोन वाक्यांत वाटेला लावलं. ते मनाला लागून राहिलं. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आता सगळं सांगते.

परमिटवर गाडी कुठे चालेल ते असतं आणि कशी चालेल तेही असतं. 'ऑल इंडिया' म्हटलं की फक्त कुठे ते कळतं. नागपूरला जा, हैदराबादला जा, मथुरेला जा, कुणी अडवणार नाही. पण कशी चालेल ते खाली वेगळं लिहिलेलं असतं आणि तिथवर नजर क्वचितच जाते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात प्रवासी गाड्यांच्या मुख्य जाती दोन. एक टप्पा वाहतूक. माणशी वेगळं भाडं, वाटेत कुठेही चढा, कुठेही उतरा. एसटीचं तिकीट असंच निघतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा धरून. दुसरी कंत्राटी वाहतूक. तिथे अख्खी गाडी ठरवली जाते. लग्नाचं वऱ्हाड, कंपनीची शिफ्ट, अष्टविनायक. ज्यांच्यासाठी गाडी ठरली ती माणसं सोडून वाटेत कुणाला चढवायचं नाही की उतरवायचं नाही, हे कायद्याच्या व्याख्येतच आहे. वऱ्हाडातले चार जण आलेच नाहीत तरी त्या चार सीटा वऱ्हाडाच्याच. फाट्यावर विकायला त्या मोटरमालकाच्या हातात उरलेल्याच नसतात.

एवढं सांगितलं की समोरचा मान हलवतो. पटलेलं मात्र नसतं. मलाही हे कायद्याच्या पुस्तकातून पटलेलं नाही.

आमच्या गावाला मुक्कामी एसटी होती. रात्री साडेआठला यायची आणि मारुतीच्या पारापाशी उभी राहायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओवरीत झोपायचे, कुणाच्या तरी घरून भाकरी-कालवण जायचं. सकाळी सहाला गाडी भरून निघायची. बाजारकरी, तहसीलात काम असलेली माणसं, दवाखान्याला निघालेल्या बाया, आणि आम्ही नऊ शाळकरी पोरं-पोरी, सवलतीच्या पासावर. शाळा तालुक्याला, अकरा किलोमीटरवर. सकाळची शाळा साडेबाराला सुटायची आणि एकच्या गाडीने आम्ही घरी. एकच्या त्या गाडीत आम्ही नऊ आणि फार तर पाच-सहा म्हातारीकोतारी. बाकी गाडी रिकामी खडखडत यायची.

१९९३ साली आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जीप घेतली. काळी-पिवळी. सातारा-सांगलीकडे हिलाच वडाप म्हणतात. कागदावर नऊ अधिक एक, आत अठरा माणसं, वर टपावर आणखी दोन. सकाळी पावणेसहाला जीप चौकात लागायची आणि एसटीच्या दहा मिनिटं आधी सुटायची. भाडं एसटीएवढंच, वर तालुक्याला पाहिजे तिथे उतरवायचे. माणसं खूश. आबांच्या दिवसाचा खर्च त्या एका खेपेत निघायचा. दुपारी ते घरी झोपायचे. रिकामी जीप घेऊन उन्हातान्हाचं कोण जाईल?

आबांचं बघून आणखी दोघांनी जीपा घेतल्या. सकाळची एसटी पाच-सहा माणसं घेऊन जाऊ लागली. दीड वर्षात दुपारची फेरी बंद झाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात मुक्कामी गाडीही. ती आमच्याच जीपांनी बंद पाडली, यात मला आजही शंका नाही. भरलेली खेप आम्ही उचलली, रिकामी खेप दुसऱ्याच्या गळ्यात घातली, आणि ती त्याला झेपेना तेव्हा "बघा, यांना गाडी चालवता येत नाही" असंही आम्हीच म्हणालो.

मग आम्ही नऊ जण एक वाजता फाट्यावर उभे राहू लागलो. जीप यायची तीही भरून, आणि पास चालायचा नाही. दोन मुलींच्या घरी रोजचे पैसे निघेनात. त्या वर्षी त्यांची शाळा सुटली. माझी सुटली नाही, कारण मी जीपवाल्याची मुलगी होते. सगळे जीपवाले मला ओळखायचे, पुढे बसवायचे, पैसे घ्यायचे नाहीत. त्या दोघींतली एक अजून बाजारात भेटते. आम्ही भाजीचे भाव बोलतो, मुलांचं बोलतो. हे कधी बोललेलो नाही.

म्हणून "बिघडलं कुठं" ह्या प्रश्नाला माझ्याकडे कलमाच्या आधी हे उत्तर आहे.

टप्पा परवाना काय आहे ते एकदा नीट बघा. त्यात मार्ग असतो, वेळापत्रक असतं, दिवसाला किमान किती फेऱ्या करायच्या ते असतं, भाड्याचा तक्ता असतो. गाडी भरो न भरो, वेळेला सुटायची. आमच्या नगर-पुणे रस्त्यावर १ जून १९४८ ला पहिली एसटी धावली, त्याआधीची खासगी मोटर सीट भरल्याशिवाय जागची हलत नसे, असं आजोबा सांगायचे. १९३९ च्या कायद्याने मोटारींना परमिटची पद्धत लावली. १९५६ च्या दुरुस्तीने राज्याच्या परिवहन उपक्रमासाठी मार्ग राखून ठेवायची वाट झाली. आजच्या कायद्याचं सहावं प्रकरण तेच सांगतं. महाराष्ट्रात टप्प्याची वाहतूक एसटीकडे राहिली ती या वाटेने. बदल्यात एसटीने तोट्याच्या वाडीवरही जायचं. पास घ्यायचा. पंचाहत्तरी ओलांडलेल्याला फुकट न्यायचं, बाईमाणसाला २०२३ पासून अर्ध्या तिकिटात. सतरा सीटरवाल्याला यातलं काहीच बंधन नाही. बंधन नाही, म्हणून फाट्यावरचा माणूसही त्याचा नाही.

"मग ते ट्रॅव्हल्सवाले? ते तर एकेक सीटच विकतात की!" हा पुढचा प्रश्न ठरलेला. खरं आहे, विकतात. रोज रात्री विकतात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. प्रवाशांची यादी करायची, ती गाडीत ठेवायची आणि त्याला कंत्राट म्हणायचं. सरकारनेही २०१८ साली कंत्राटी बसभाड्याला एसटीच्या दीडपट अशी कमाल मर्यादा घातली, म्हणजे हा धंदा काय आहे ते सगळ्यांना माहीत आहे. मी त्याचं समर्थन करणार नाही. पण एक फरक मला दिसतो. रात्रीची पुणे-नागपूर स्लीपर कोणाच्या वाडीची एकची गाडी बंद पाडत नाही. फाट्याफाट्यावर थांबणारी सतरा सीटर पाडते.

आता पैशांचं बोलते, कारण कर्ज काढलेल्या माणसाला शेवटी तेच विचारायचं असतं. परमिट नसताना किंवा त्याच्या अटी मोडून गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. दंड भरून माणूस सुटतो. विम्यातून सुटत नाही. परमिटने न दिलेल्या कामाला गाडी वापरली, हा बचाव विमा कंपनीला कायद्यानेच दिलेला आहे. परमिटच नसेल तर तो कायद्याचा मूलभूत भंग, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. त्या निकालात कंपनीने दावा करणाऱ्यांना आधी भरपाई द्यायची आणि मग मालकाकडून वसूल करायची, असं ठरलं. म्हणजे फाट्यावरच्या माणसाकडून घेतलेल्या पन्नास रुपयांपायी जमीन जाऊ शकते. घाटात गाडी कलंडलेला एक मालक माझ्या टेबलासमोर बसून रडला आहे. यादीत अकरा नावं होती आणि दवाखान्यात सोळा माणसं. ते सोळा फॉर्म मीच भरले.

कुणाचा जीव अडला असेल, तापाने फणफणलेलं पोर घेऊन बाई उभी असेल, तर काय? थांबा. घ्या. दवाखान्याच्या दारात सोडा आणि पैसे घेऊ नका. अशा वेळी कायदा पुढे करणारी मी नाही.

मालाच्या गाड्यांचं थोडक्यात. ज्या गाडीचं मालासकट एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत आहे, तिला परमिट लागत नाही, म्हणून छोटा हत्तीवाले निर्धास्त असतात. पण पासिंग, विमा, पियुसी काही सुटत नाही. मोठ्या ट्रकला परराज्यात जायचं तर नॅशनल परमिट, वर्षाचे साडेसोळा हजार. त्यातही फाट्यासारखाच एक नियम आहे. परराज्यात माल भरून त्याच राज्यात उतरवायचा नाही. तिथला माल तिथल्या गाडीचा.

आणखी एक, कारण यात बायका फार फसतात. परमिट ज्याच्या नावावर तो मालक वारला, तर वारसाला त्याच परमिटवर गाडी तीन महिने चालवता येते. मात्र तीस दिवसांच्या आत कार्यालयाला कळवावं लागतं आणि तीन महिन्यांत नावावर करायचा अर्ज द्यावा लागतो. तेराव्यापर्यंत कुणी कागदाला हात लावत नाही, नंतर दिरांचं ठरत नाही, आणि मुदत निघून जाते. आमच्याकडे मी दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज टाकला. भावकीने तोंड वाकडं केलं, पण गाडी बंद पडली नाही.

माझी स्वतःची एक मागणी आहे आणि ती मी प्रत्येक अधिकाऱ्यापुढे मांडते. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. नोव्हेंबरात सरकारने अधिसूचना काढून खासगी बस, शाळेच्या बस, कंपन्यांच्या बस, इतकंच काय मालाच्या गाड्यांनाही प्रवासी न्यायची मुभा दिली. टप्पा आणि कंत्राट हा भेद एका कागदाने पुसला गेला. त्या दिवसांत मी रोज रस्ता बघत होते. पुणे रस्त्याला गाड्यांची रीघ लागली होती. माझ्या माहेरच्या रस्त्याला कुणी फिरकलं नाही. कुणाला दुपारची एकची फेरी नको होती. मोकळं सोडलं की काय होतं ते आम्ही १९९४ मध्ये पाहिलं होतं, तेच पुन्हा दिसलं.

म्हणून माझं म्हणणं असं. जिथे एसटी पोहोचतच नाही तिथे खासगी गाडीला टप्पा परवाना द्यावा, पण पूर्ण द्यावा. सकाळची भरलेली खेप ज्याला पाहिजे त्याने दुपारची रिकामी खेपही त्याच परमिटवर घ्यायची. शाळेच्या मुलींचा पास चालवायचा, आणि त्याचे पैसे सरकारने त्याला वेळेवर द्यायचे. जत्रा-यात्रांसाठी चार महिन्यांपर्यंतचं तात्पुरतं परमिट कायद्यात आहेच, त्याचाही उपयोग करून बघावा. तसा परवाना मिळणार असेल तर त्या मुलाचा अर्ज मी फुकट लिहून देईन. तोवर त्याने कंपनीची शिफ्ट धरावी, वऱ्हाडं करावीत, देवदर्शनं करावीत. हप्ता निघतो. आमचा निघाला.

आबांनी २००३ मध्ये जीप विकली आणि सतरा सीटर घेतली, सुप्याच्या एमआयडीसीत कामगारांची ने-आण करायला. जीपच्या दिवसांबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. गावाने अर्ज-विनंत्या करून सकाळ-संध्याकाळची एसटी पुन्हा मिळवली होती. मी कधी कधी आबांच्या शेजारी बसून तालुक्यापर्यंत जायचे. फाट्यावर कुणी हात केला की ते गाडी हळू करायचे. मागे चार सीटा रिकाम्या असायच्या. काच खाली घेऊन ते मोठ्याने सांगायचे, "मागं एसटी आहे, यीलच आता, थांबा!" आणि पुढचा चढ लागेपर्यंत आरशात बघत राहायचे, ती खरंच येतेय का ते.