बेलोऱ्याहून मुंबई: घरापासून मोजा

सातबारा, पीकविमा घेऊन माझ्या केंद्रावर येणारी माणसं हल्ली विमानाचंही विचारतात. "ताई, मुंबईले विमानानं किती टाइम लागते वो?" मोबाईलवर आकडा लगेच सापडतो, पण तो एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतचा. आपण नांदगाव खंडेश्वरचे. आपला प्रवास घराच्या ओट्यापासून सुरू होतो.

आधी नागपूरहून जायचं तर काय ते बघू. नागपूर ते मुंबई हवाई अंतर सरळ रेषेत साधारण 685 किलोमीटर. जेट विमान वर पोचलं की ताशी 800 किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे तासाभरात पोचायला हवं. तिकिटावर मात्र दीड तास किंवा त्याहून जास्त दिसतो. कारण तो वेळ विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं, आणि मुंबईत गर्दी असली की वरच घिरट्या, हे सगळं त्यातच आलं. हिवाळ्यात खूप उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. जाताना तो समोरून लागतो, म्हणून परतीपेक्षा जायलाच जरा जास्त वेळ.

आता आपलं बेलोरा, म्हणजे अमरावतीचं विमानतळ. 16 एप्रिल 2025 ला तिथून मुंबईचं विमान सुरू झालं. अंतर अंदाजे 540 किलोमीटर, नागपूरपेक्षा चांगलं 145 नं कमी. पण धावपट्टी आखूड, 1,850 मीटरची, आणि विमान एटीआर 72, म्हणजे पंख्याचं, ताशी 500 च्या आसपास जाणारं. त्यामुळे अंतर घटूनही हवेतला वेळ काही घटत नाही, थोडा वाढतोच. "मंग फायदा काय?" असं स्टँडवर बरेच जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंना तपासणीसाठी मुंबईला न्यायचं होतं. गुडघे धरलेले, गाडीत फार वेळ बसवत नाही. त्यांच्या मुलासमोर मी एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीमागे दोन्ही हिशेब मांडले. नागपूरहून जायचं तर समृद्धीनं गाडी केली तरी दोन तास रस्त्यात, एसटीनं गेलं तर त्याच्या कितीतरी वर, आणि नागपूरच्या स्टँडवरून विमानतळापर्यंत ऑटो वेगळा. बेलोरा तर यवतमाळ रोडवरच, आपल्याहून अर्ध्या-पाऊण तासावर. दीड-दोन तास आधी पोचणं दोन्हीकडे सारखंच. हवेत पंधरा-वीस मिनिटं जास्त गेली तरी रस्त्यावरचा दीड तास वाचतो, आणि दुखणाऱ्या गुडघ्यांना तोच दीड तास भारी असतो. मुलगा कागद घडी करून खिशात घालून गेला.

एक अडचण खरीच आहे. सुरू झालं तेव्हा हे विमान आठवड्यातून तीनच दिवस होतं. दवाखान्याची तारीख मधल्या दिवसाची निघाली की मुंबईत एक मुक्काम वाढतो, आणि तिथल्या लॉजचं भाडं सगळ्यांना झेपत नाही. रोजचं विमान मिळावं ही मागणी आपण लावून धरलीच पाहिजे. तोवर तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांची तारीख घेऊन या. वार जुळतो का ते आधी बघू, मग घरापासूनचा वेळ मी मांडून देते.